आधी आवाज द्या!

या शहरात रस्ता आधी नकाशावर जन्माला येतो. मग तो बिल्डरच्या कानात जातो. मग पुढाऱ्याच्या गाडीतनं फिरतो, मग पेपरात छापून येतो. आणि सगळ्यात शेवटी, जेसीबीच्या दातांवर बसून, आमच्या दारात येतो. ज्याच्या चुलीवरनं रस्ता जाणार त्यालाच सगळ्यात उशिरा कळतं. याला हे लोक विकास म्हणतात.

या अंकाचं संपादकीय एवढ्या एकाच गोष्टीवर आहे. रस्ता खणण्याआधी, रुंद करण्याआधी, वळवण्याआधी तिथं राहणाऱ्या माणसाला सांगायचं. त्याच्या भाषेत, त्याच्या दारात, वेळेवर. बस्स. कवितेच्या मासिकात खड्ड्यांचं काय काम, असं काही विद्वान विचारतील. विचारू देत. त्यांची कविता बागेतनं येते. आमची उघड्या चेंबरवरनं उडी मारून येते.

पुण्यात रस्ता ही नुसती खडी-डांबराची गोष्ट कधीच नव्हती. पेशवाईत याच शहरात आमच्या माणसाच्या कमरेला झाडू होता आणि गळ्यात मडकं होतं. पाऊल उमटलं तर पुसायला झाडू, थुंकी आली तर मडकं. बाबासाहेबांनी 1936 सालच्या त्या भाषणात, जे त्यांना करूच दिलं नाही त्या भाषणात, पुण्याचं नाव घेऊन हे जगापुढं मांडलं. त्याच्याही आधी, 1855 साली, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदया'त लिहिलं, की तालमीसमोरनं नुसतं गेलं म्हणून मांग-महारांची डोकी गुलटेकडीच्या मैदानात उडवली जात. त्या गुलटेकडीवर आज मार्केट यार्ड आहे. रस्ते रुंद झाले. पण या रस्त्यावरनं कोण जाणार, कुणाचं घर जाणार आणि ते ठरवताना कुणाला विचारणार, हा सवाल तिथंच बसून आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गावगाड्यात दवंडी कोण द्यायचं? महार. सरकारी टपाल कोण पोचवायचं? महार. मयताचा सांगावा घेऊन भर उन्हात दुसऱ्या गावाला कोण पळायचं? हद्दीचा वाद लागला की शीव कोण दाखवायचं? महारच. म्हणजे सांगायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमचं आणि ऐकायचा मान त्यांचा. सगळ्या गावाची खबर ज्याच्या तोंडातनं गेली त्याला स्वतःची खबर कुणी दिली नाही. बाबासाहेब 1928 पासून या वतनाविरुद्ध लढले. 1958 च्या कायद्यानं ते वतन कागदावरनं गेलं. आता हिशोब उलटा करायची वेळ आहे. आता दवंडी तुम्ही द्यायची, साहेब. आम्ही ऐकणार. ऐकून झाल्यावर सवालही विचारणार.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. घर पुण्यात. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. नकाशे वाचायला मला कुणी शिकवलं नाही, पण गोदीनं एक गोष्ट शिकवली. क्रेननं बोजा उचलायच्या आधी खालच्या टोळीला आवाज द्यायचा. आवाज न देता बोजा हलला तर क्रेनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो आणि मुकादमसुद्धा टोळीच्या बाजूनं बोलतो. पोत्याचा हिशोब मागनं, माणसाचा आधी. ज्याच्या डोक्यावरनं बोजा जाणार त्याला आधी सांगायचं, हे अंगठेबहाद्दर हमालाला कळतं. मग इंजिनियर झालेल्यांना का कळत नाही?

कळतं, दोस्तांनो. चांगलं कळतं. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर, एक वाजता, चांदणी चौकातला जुना पूल पाडला. सुमारे सहाशे किलो स्फोटकं. त्याच्या आधी कितीतरी दिवस सगळ्या पुण्याला माहीत होतं. कुठला रस्ता किती वाजता बंद, मुंबईहून येणारी गाडी कुठनं वळवणार, साताऱ्याकडची कुठनं, सगळं पेपरात नकाशासकट. टीव्हीवर दिवसभर तेच. वाईट केलं का? मुळीच नाही, चांगलंच केलं. पण त्यातनं एक गोष्ट सिद्ध झाली. या यंत्रणेला सांगता येतं. चाकावरच्या माणसाला ती मिनिटामिनिटाची खबर देते. पायावरच्या माणसाला देत नाही. म्हणजे अडाणीपणा नाही, निवड आहे.

रेघांची गोष्ट ऐका. उच्च क्षमता द्रुतगती वर्तुळाकार मार्ग, ज्याला पेपरवाले एचसीएमटीआर म्हणतात, तो सुमारे 36 किलोमीटरचा. 1987 साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात त्याची रेघ मारलेली. म्हणजे ती रेघ माझ्यापेक्षा वयानं मोठी. एवढ्या वर्षांत रस्ता झाला नाही. 2019 च्या सुमाराला निविदा आल्या, त्या फार चढ्या निघाल्या, गुंडाळल्या. पण रेघ कुठं गेली नाही. रेघेखाली माणसं जन्मली, लग्नं झाली, म्हातारी मेली. रेघ कळलेला माणूस जमीन घेतो. रेघ न कळलेला माणूस बचत गटाचं कर्ज काढून घरावर नवा पत्रा घालतो. दोघांच्यात फरक बुद्धीचा नाही. एकाला कुणीतरी सांगितलेलं असतं, एवढाच.

कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. साडेतीन किलोमीटर. 2018 मध्ये काम सुरू झालं तेव्हा रुंदी 84 मीटर ठरली होती. पुढं जमीन ताब्यात येईना म्हणून ती 50 मीटरवर आणली. मधल्या वर्षांत त्या रस्त्यावर अपघात होत राहिले. कडेला गॅरेजवाले, चहावाले, भाड्याच्या खोलीत राहणारे यांना कोण सांगणार, की आता 84 नाही, 50? तुझं दुकान वाचलं की गेलं? रुंदी ठरते वरती, बदलते वरती. खाली नुसती धूळ येते.

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला. बांधून जेमतेम दीड दशक झालं होतं. मेट्रो आणि नवा दुमजली पूल करायचा म्हणून तो गेला. बांधताना पुणेकरांचा पैसा, पाडताना पुणेकरांचा पैसा. हा पूल कुठवर टिकणार, पुढं मेट्रो आली तर काय होणार, हे बांधतानाच चारचौघांत मांडलं असतं तर एखाद्या पोरानं उभं राहून विचारलं असतं. सांगण्याची भीती त्यासाठीच असते. सांगितलं की विचारणारा उभा राहतो.

आता आमच्या वस्तीतलं सांगतो. एका सुट्टीला घरी आलो तर भिंतींवर लाल रंगात आकडे. कुणी काढले, कुणाला पत्ता नाही. कुणी म्हणालं पोलिओवाले असतील. कुणी म्हणालं गॅसची लाइन येणार. एक म्हातारी म्हणाली, "घरं पक्की करून देत असतील बाबा." आठ दिवस वस्ती त्या आकड्यांकडं बघत जेवली. तेवढ्यात एक दलाल आलाच. म्हणाला, झोपडी जाणारच आहे, आत्ताच देऊन टाक, नंतर दमडी मिळणार नाही. जिथं माहिती नसते तिथं दलाल उगवतो, पावसाळ्यात गवत उगवावं तसा.

मी एका सरकारी हपिसात गेलो. पहिल्या टेबलावर म्हणाले, आमच्याकडं नाही. दुसऱ्यावर म्हणाले, साहेब साइटवर गेलेत. तिसरा मात्र प्रेमानं बोलला. म्हणाला, "तुमचं काय नुकसान झालंय का अजून? नाही ना? मग झालं की या."

झालं की या! या एका वाक्यात सगळा कारभार आला.

शेवटी कळलं कुणाकडनं? मोजणीची फीत धरणाऱ्या पोराकडनं. तो पण आपलाच. नांदेडकडचा, रोजंदारीवरचा. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं, की रस्ता येणार म्हणून मोजतायत. हपिसानं जे सांगायचं ते फीतवाल्यानं सांगितलं. म्हणजे दवंडी पुन्हा आमच्याच माणसानं दिली, आणि तीसुद्धा चोरून.

आता कायदा बघू. कारण हे लोक आपल्याला कायद्यानंच हाणतात आणि कायद्यात काय आहे तेच दडवतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949. कलम 210. रस्त्याची ठरलेली रेषा बदलून नवी रेषा आखायची असेल तर किमान एक महिना आधी जाहीर सूचना द्यावी लागते. स्थानिक वर्तमानपत्रात आणि राजपत्रात. आणि पुढचं नीट ऐका. आयुक्तांच्या सहीची खास नोटीस त्या रस्त्यावरच लावावी लागते. ज्या रस्त्याची रेषा बदलायची त्याच रस्त्यावर! लोकांच्या हरकती विचारात घेतल्याशिवाय मंजुरी देता येत नाही. कायद्याला अक्कल होती. त्याला माहीत होतं, की राजपत्र काही पावाच्या पुडीला बांधून येत नाही. म्हणून तो म्हणाला, भिंतीवर लावा.

दुसरा कायदा, प्रादेशिक व नगररचनेचा, 1966 चा. विकास आराखडा करायचा तर मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा 2013 मध्ये आला तेव्हा 87 हजारांच्या घरात हरकती-सूचना आल्या. शहर झोपलेलं नाही. पण त्या ढिगात नाल्याकाठच्या, रेल्वेकडेच्या, टेकडीच्या पोटातल्या वस्त्यांचे अर्ज किती? कुणी मोजले? 2015 मध्ये तो आराखडा राज्य सरकारनं महापालिकेच्या हातातनं काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. ज्यांनी हरकती घेतल्या ते एकीकडं, ज्यांनी ठरवलं ते दुसरीकडं.

तिसरा, माहितीचा अधिकार, 2005. लोक समजतात दहा रुपये भरून अर्ज केला की माहिती मिळते. ती पुढची गोष्ट. कलम 4 म्हणतं, की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्याची सगळी संबंधित माहिती सरकारनं आपण होऊन प्रसिद्ध करायची. न मागता! ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कारणं सांगायची. तीही स्थानिक भाषेत, आणि त्या भागात जी पद्धत लोकांपर्यंत चांगली पोचते त्या पद्धतीनं. कायद्यात सूचनाफलकाचं नाव लिहिलेलं आहे. इंटरनेटवर टाकलं की कर्तव्य संपलं, असं त्यात कुठं नाही. धुणंभांडी करून रात्री नऊला परतणारी बाई इंग्रजी पीडीएफ उघडून टेंडर वाचेल, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा तिच्या मोरीत बसून दाखवावं.

चौथी गोष्ट कोर्टाची. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाचे एका आठवड्याच्या अंतरानं दोन निकाल आले. दोन्ही आपण पाठ केले पाहिजेत. 6 नोव्हेंबरचा निकाल उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजचा. तिथं 2019 मध्ये रस्ता रुंद करायला एक घर पाडलं. आधी काय केलं होतं? नुसती दवंडी पिटली होती. लेखी नोटीस नाही. कोर्टानं 25 लाख भरपाई द्यायला लावली आणि सगळ्या राज्यांना पायऱ्या घालून दिल्या. आधी कागदपत्रावरनं रस्त्याची आत्ताची रुंदी ठरवा. मोजणी करा. अतिक्रमण दिसलं तर नोटीस द्या. हरकत आली तर कारणं देऊन निर्णय द्या. ती फेटाळली तरी पुन्हा मुदत द्या. आणि जागा कमी पडत असेल तर रीतसर संपादन करा.

दुसरा निकाल 13 नोव्हेंबरचा, बुलडोझरचा. पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर टपालानं, शिवाय भिंतीवर चिकटवून. ऐकून छाती फुगते. पण खाली अपवाद आहे. बेकायदा बांधकाम सार्वजनिक जागेत असेल, म्हणजे रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत, नदीपात्र, तर हे संरक्षण लागू नाही. आता सांगा, पुण्यात गरीब माणूस राहतो कुठं? कोरेगाव पार्कच्या बंगल्यात? तो याच चार जागी राहतो. म्हणून 'रस्ता' हा शब्द कुणाच्या घरावर, कधी आणि कुठल्या कागदावर लिहिला गेला, हे कळणं म्हणजे घर राहणं की जाणं आहे. पहिला निकाल हातात असेल तर आपण विचारू शकतो, आधी रुंदी दाखवा. निकाल ठाऊक नसेल तर आपण नुसतं भांडी बाहेर काढतो.

24 जून 2021 आठवा. आंबिल ओढ्याकाठी दांडेकर पुलाजवळ भर पावसाळ्यात सकाळी मशिनं आली. तिथं कारण रस्त्याचं नव्हतं, ओढ्याचं होतं. पण रीत तीच. घरं पडली, बाया-पोरं चिखलात, आणि त्याच दिवशी कोर्टाची स्थगिती आली. स्थगिती आली तोवर कितीतरी घरं जमिनीवर होती. आधी कळलं असतं तर माणसं आधीच कोर्टात गेली असती. उशिरा मिळालेली माहिती पंचनाम्याच्या कामाची, घराच्या कामाची नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही रस्त्याच्या विरोधात. खोटं आहे. रस्ता आम्हालाच पाहिजे. रात्री बाळंतीण अडली तर रिक्षा बोळाच्या तोंडाशी थांबते, पुढं बाईला खुर्चीत घालून उचलून न्यावं लागतं. मयतसुद्धा तिरकं करून काढावं लागतं. माझ्या आजीनं 1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. या राज्यातले रस्ते आमच्या बायकांच्या हाताच्या फोडांवर झालेत. आजही पुण्यात रात्री रस्ता खणणारी, डांबर ओतणारी माणसं बघा. कोणत्या समाजाची, कुठल्या जिल्ह्याची? तेव्हा रस्ता बांधणाऱ्याला रस्त्याचा दुश्मन म्हणू नका. आमचं भांडण रस्त्याशी नाही. ते अंधारात रेघ मारणाऱ्या हाताशी आहे.

वेताळ टेकडीवरनं बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा म्हटल्यावर एप्रिल 2023 मध्ये लोक मोर्चानं रस्त्यावर आले. त्यांच्याकडं नकाशे होते, वकील होते, झाडांची नावं ठाऊक होती. मी त्यांना हसत नाही. मी म्हणतो, त्यांच्याकडनं शिका. त्यांनी कागद वाचला म्हणून प्रशासनाला उत्तर द्यावं लागलं. वस्तीनं कागद वाचला तर उत्तर द्यावंच लागेल, कारण आमची संख्या झाडांपेक्षा जास्त आहे.

आणि नगरसेवक? मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात प्रशासकाचं राज्य होतं. जवळजवळ चार वर्षं विचारायला दारच नव्हतं. आता दार आहे. तेव्हा ते वाजवा. क्षेत्रसभा नावाची गोष्ट 2009 मध्ये कायद्यात आली, ती कुणाच्या बापानं पाहिली आहे का, हे त्यांना विचारा.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक. काम सुरू व्हायच्या आधी जागेवर मराठीत फलक. रस्त्याचं नाव, लांबी, रुंदी, खर्च, ठेकेदार, सुरू कधी, संपणार कधी, खराब झाला तर किती वर्षं ठेकेदारानं फुकट दुरुस्त करायचा, आणि तक्रार कुणाकडं. अक्षरं अशी, की म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय दिसावीत.

दोन. ज्या वस्तीवरनं रेघ जाते तिथं नकाशा भिंतीवर लावा आणि समजावून सांगायला पथ विभागाचा माणूस पाठवा. संध्याकाळी पाठवा. दुपारी वस्ती कामावर असते.

तीन. भिंतीवर आकडा टाकणाऱ्यानं घरात कागद द्यायचा. कुणी टाकला, कशासाठी टाकला, हरकत कुठं आणि किती दिवसांत.

चार. पाणी, ड्रेनेज किंवा वीज बंद ठेवायची तर आदल्या दिवशी भोंगा फिरवा. मतं मागायला रिक्षावर भोंगा लावता येतो, तर पाण्याचं सांगायलाही येतो.

हे मागून मिळणार नाही. म्हणून दोस्तांनो, कामाला लागा. आपल्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी भाऊंच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स आहे. त्याच्या शेजारी मंडळाचा फळा आहे, त्यावर गेल्या जयंतीचा खडू अजून तसाच. तो फळा पुसा. दर आठवड्याला एका रस्त्याची माहिती त्यावर लिहा. माहिती नसेल तर सवाल लिहा, आणि खाली लिहा, 'उत्तर आलं नाही, दिवस अमुक'. रोज आकडा वाढवा. 2009 मध्ये पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघू द्यायची पद्धत सुरू झाली आणि 2018 मध्ये राज्य सरकारनं ती इतर कार्यालयांनाही लावली. फायली बघायला जा. नाही म्हणाले तर लेखी नाही मागा. दोघांनी जा, एकानं बोला, एकानं लिहा. घरोघरी जाऊन 1 जानेवारी 2000 च्या आधीचे आणि 1 जानेवारी 2011 च्या आधीचे पुरावे गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला लावा, कारण पुनर्वसनाचं सगळं गणित या दोन तारखांवर चालतं. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीवर लिहितो. त्यातलं 'शिका' म्हणजे नकाशा वाचणंसुद्धा आहे.

बापजाद्यांची दवंडी मालकाच्या हुकमाची होती. ही आपल्या हक्काची आहे. गल्लीतली सगळ्यात लहान पोरगी फळा वाचून आईला सांगेल, "आये, रस्ता बारा मीटरचा हाय, आपलं घर सुटतंय, पण मावशीचं जातंय, आणि हरकत द्यायला अजून अकरा दिवस हायेत." त्या दिवशी मशिन घेऊन येणाऱ्याला वस्तीच्या तोंडाशी थांबावं लागेल, आणि कागद काढून दाखवावा लागेल.

बोजा हलवायचाय ना, साहेब? हलवा.

पण आधी आवाज द्या!

जय भीम.

— संपादक